बरण्यांखालच्या पटाशा

नग : रंधा, लाकडी, एक. मूठ फुटकी, पातं बरं.

रंधा एक आणि त्यावर हात दोन.

एक हात इल्वाचा. दुसरा कुणाचा, हे तिने आधी पाहिलंच नाही. तिला दिसलं ते एवढंच — नखांच्या कडांना डांबर, आणि अंगठ्यावर जुना, पांढरा पडलेला वण. काम करणारा हात. मग नजर हळूहळू वर सरकली. कोपरापाशी उसवलेला लोकरी स्वेटर... ओला खांदा... भुरभुर पावसाचे थेंब अडकलेली दाढी... आणि डोळे, जे आधीपासूनच तिच्याकडे बघत होते.

"माफ कर," ती म्हणाली आणि हात काढून घेतला.

"माफ कर," तो म्हणाला आणि त्यानेही काढून घेतला.

रंधा बिचारा टेबलावर एकटा.

मे महिना सरत आला होता. दालस्लांडमधल्या एका शेतावर लिलाव होता. म्हातारा मालक लेकीकडे शहरात राहायला गेलेला, आणि त्याचं सगळं घर अंगणात येऊन बसलेलं — कपाटं, घोंगड्या, दुधाच्या किटल्या, आणि गोठ्याच्या भिंतीलगत, लायलॅकच्या ओल्या झुडपाखाली, लांबलचक टेबलावर सुतारकामाची हत्यारं.

इल्वा आली होती ती या टेबलासाठी. मार्चमध्ये तिने गोथेनबर्गच्या दुकानातली नोकरी सोडली होती. तिथे ती लोकांना गुळगुळीत स्वयंपाकघरं विकायची. आता तळ्याकाठचं एक जुनं धुणीघर भाड्याने घेऊन तिने जुन्या खिडक्या दुरुस्त करायचा धंदा मांडला होता. म्हणजे, मांडायचा होता. खिडक्या येऊन भिंतीला टेकल्या होत्या. हत्यारांचा पत्ता नव्हता. दुकानातल्या स्वस्त पटाशीची धार दुपारपर्यंत टिकत नाही, आणि चांगलीकडे नुसतं बघायचं तरी बँकेला विचारावं लागतं. बर्फ पडायच्या आत वर्कशॉप उभं राहिलं नाही तर पुन्हा ते दुकान, पुन्हा ते गुळगुळीत ओटे...

"तू बघ ना आधी," तो म्हणाला.

"नको, तू बघ. मी आपली नुसतीच..."

"मीही नुसताच..."

दोघंही खोटं बोलत होते. दोघांनाही तो रंधा हवा होता आणि दोघांनाही ते दिसत होतं.

"पातं बघितलंस?" इल्वाने विचारलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून.

त्याने नुसता श्वास आत ओढला — ओठ किंचित गोल करून, गरम कॉफीचा भुरका मारावा तसा बारीक आवाज करत.

"काय झालं? लागलं का काही?"

"नाही. हो म्हणालो."

"हे 'हो' होतं?"

"उत्तरेकडचं. आमच्याकडे थंडीत तोंड कोण उघडणार? श्वास घेता घेताच 'हो' उरकून टाकतो."

"आणि 'नाही' म्हणायचं असलं तर?"

"तोंड उघडावं लागतं. म्हणून फारसं म्हणत नाही."

इल्वा हसली. मग आपण लिलावात आलोय, समोर स्पर्धक उभा आहे, हे आठवून तिने हसू आवरलं. सगळं नाही आवरलं.

गवताच्या गाडीवर उभा राहून सिक्स्टेन पुकारत होता. त्याचा आवाज त्याच्या पोटाएवढाच मोठा, आणि जिल्ह्यातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचं सामान त्याच्या हातोडीखालून गेलेलं. रंधा वर आला. इल्वाने हात वर केला. मागून कुणीतरी वाढवलं. तिने पुन्हा वाढवलं. पुन्हा मागून. तिने वळून पाहिलं तर — तोच. डांबरवाला. त्यानेही त्याच क्षणी तिला पाहिलं.

इल्वाचा हात खाली आला. त्याला हवाय, जाऊ दे.

त्याचाही हात खाली आला. तिला हवाय, जाऊ दे.

"एकवार," सिक्स्टेन म्हणाला. "अरे, आत्ता तर दोघं भांडत होतात. बोली त्या स्वेटरवाल्याची आहे. दोनवार..."

"मी मागे घेतो," तो म्हणाला.

"मग मुलीची."

"मीही," इल्वा म्हणाली.

सिक्स्टेनने कपाळावर हात मारला. आणि बोचऱ्या थंडीतही शर्टाच्या बाह्या वर करून हिंडणाऱ्या कोन्नीने, जो जुन्या वस्तू गोळा करून शहरातल्या शौकिनांना विकायचा, खिशातून एक बोट काढलं. रंधा त्याचा झाला. दोन सॉसेज आणि एका कॉफीच्या किमतीत.

कॉफीच्या टेबलामागे गावमंडळाची गुन-ब्रिट उभी होती. तिच्या ताटात दालचिनीचा पाव एकच उरला होता. त्याचा कुणीतरी अर्धा तोडून नेलेला, मग त्या अर्ध्याचा अर्धा, मग त्याचाही... शेवटी चिमणीला पुरेल एवढा तुकडा, आणि तो उचलायची कुणाची छाती होईना.

"बघा," ती दोघांना कॉफी ओतत म्हणाली, "तुम्ही दोघं म्हणजे हा पाव. शेवटचा कुणी घ्यायचा नाही. सभ्यपणा. आणि मग तो कुत्र्याला जातो."

"कोन्नीला," इल्वा म्हणाली.

"तेच म्हणाले मी."

तो कपात बघत हसला. "इवार," तो म्हणाला, कपालाच ओळख करून द्यावी तसा.

"इल्वा," तीही कपालाच म्हणाली.

नग : खोकं, एक. आत काय ते बघून घ्यावे.

त्यांनी करार केला. पटाशा आणि रंधे तिचे, करवती आणि गिरमिटं त्याची. एकमेकांवर बोली लावायची नाही. कोन्नीला एकही चांगली वस्तू मिळू द्यायची नाही.

त्यानंतर दर शनिवारी इवारची जुनी गाडी धुणीघरासमोर उभी राहायची. हॉर्न तो वाजवत नसे. बसून राही. इल्वा खिडकीतून बघायची, हातातली पुट्टी मुद्दाम सावकाश पुसायची, आणि मग जायची.

"किती वेळ झाला येऊन?"

"आत्ताच आलो."

गाडीचं इंजिन गार पडलेलं असायचं.

इवार कालव्यावरच्या बोटी दुरुस्त करायच्या कामावर होता, उन्हाळ्यापुरता. त्याला पोलाद कळायचं. गाडीत, लिलावात, परत येताना तो शिकवायचा आणि ती वाद घालायची —

गंज वरवरचा असेल तर तो गंज नाही, धूळ समज.
खड्डे पडलेत का ते बघ. पाठ सपाट आहे का ते बघ.
करवत आभाळाकडे धर आणि तिच्या पाठीवरून नजर फिरव. वाकव. सोड. सरळ झाली तर तुझी.
सरळ नाही झाली तर?
तर कोन्नीची.
मूठ गेली तर जाऊ दे. मूठ परत होते. पोलाद परत होत नाही.
चकाकणारं काही घेऊ नकोस.
का?
चकाकवलंय म्हणजे काहीतरी झाकलंय.
मग तू कधी चकाकत का नाहीस?
...
इवार, रस्त्याकडे बघ.

पण खोक्यांची युक्ती इल्वाची. लिलावात शेवटी शेवटी खोकी येतात — फुटके दिवे, बर्फावरचे गंजके स्केट, जॅमच्या रिकाम्या बरण्या. लोक तोवर घरी जायला निघालेले असतात. इल्वा गुडघ्यांवर बसून एकेक खोकं तळापर्यंत चाचपायची.

"वरचं लोकांसाठी असतं," ती म्हणाली, "खालचं आपल्यासाठी. दुकानात मी पुष्कळ वर्षं हेच विकलं. ओट्यावर चकचकीत दगड, खाली दाबलेला भुसा. इथे उलटं."

आणि खरंच, एका खोक्यात स्केटच्या खाली सापडला पितळी पट्टीचा गुण्या, काटकोन असा की इवारने तीनदा उलटसुलट करून पाहिला. आणखी खाली तेलकट फडक्यात गुंडाळलेल्या कानशी, जवळजवळ कोऱ्या. खोकं त्यांना एका बोलीत मिळालं. गाडीत बसल्यावर इल्वाने फडकं पुन्हा उलगडलं. सण असावा तसं तिला झालं होतं. तिने वळून पाहिलं, तर इवार कानशींकडे बघतच नव्हता.

एकदा त्याने आपल्याकडची एक जादा करवत तिच्यासमोर धरली. "ठेव. मला दोन आहेत."

"किती द्यायचे?"

"काही नाही."

"मग नको. फुकटची वस्तू आयुष्यभर दाराशी उभी राहते, काहीतरी परत मागायला." तिने त्याला बाजारभावाने पैसे पाठवले. त्याच्या खिशातला फोन वाजला. तो फोनकडे दुःखी चेहऱ्याने बघत राहिला.

कोन्नीशीही त्यांचं जमलं होतं, शत्रूशी जमतं तेवढं. एकदा इल्वाने घेतलेली एक पटाशी त्याने हातात फिरवून पाहिली. "मूठ बदलू नकोस हां, पोरी. शौकिनांना जुनीच मूठ लागते. किडकी का असेना. नवी बसवली की माल मेला. मी हातसुद्धा लावणार नाही."

"मला विकायची नाहीये. वापरायचीय."

"वापरायची," कोन्नी म्हणाला, कुणी हल्ली असंही करतं हे ऐकून नवल वाटल्यासारखा.

नग : पुट्टीचा गोळा, जवसाच्या तेलातला. अर्धी मूठ.

जुलैत अंधार पडतच नाही. संध्याकाळ नुसती लांबत जाते, तळ्यावर आडवी होते, आणि तशीच पडून राहते.

धुणीघराच्या पायरीवर बसून ते धार लावायचे. दगड, पाणी, पोलाद. सर्र... सर्र... मध्ये स्ट्रॉबेरी. पुन्हा सर्र. धार लागली की इवार मनगटावरचे केस कापून बघायचा. ऑगस्ट जवळ आला तेव्हा त्याचं डावं मनगट पार गुळगुळीत झालं होतं.

"आता उजवं," इल्वा म्हणाली.

"उजवं तुझ्यासाठी ठेवलंय."

तिने खरंच त्याचं मनगट हातात घेतलं. पटाशीचं पातं अलगद टेकवलं. तो हलला नाही. श्वासही घेतला नाही. सोनेरी केस पाण्यात पडले... आणि पटाशी तिच्या बोटांतून निसटून पायरीवर आदळली.

"ही मूठ," ती घाईघाईने म्हणाली. गाल तापले होते. "मुठी बनवणाऱ्यांना बायका ठाऊकच नव्हत्या वाटतं. सगळ्या भोपळ्याएवढ्या. दिवसभर धरली की रात्री बोटं मिटत नाहीत."

"बघू हात."

तिने तळवा पुढे केला. त्याने आपला त्यावर ठेवला. तिची बोटं त्याच्या शेवटच्या पेराच्या अलीकडेच संपत होती. तळ्यावर कुणीतरी वल्हं मारत होतं. छप्... छप्... बराच वेळ.

मग त्याने हात काढला, शेजारच्या डब्यातून पुट्टीचा गोळा उचलून तिच्या हातात दिला. "दाब. पटाशी धरतेस तशी."

"कशाला?"

"दाब ना."

तिने दाबला. बोटांच्या चार खोलगट खुणा उमटल्या, अंगठ्याची एक. तिने गोळा त्याच्या अंगावर फेकला. त्याने तो झेलला आणि फडक्यात गुंडाळून खिशात टाकला.

"पुट्टी चोरतोस?"

"पैसे पाठवू?"

"पाठव."

तिचा फोन वाजला. त्याने एक क्रोना पाठवला होता. दोघं इतके हसले की वल्हं मारणारा थांबून बघायला लागला.

नग : न बोललेली वाक्यं. ढीगभर.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी तो आला आणि गाडीतून उतरला नाही. इल्वाच बाहेर गेली. गाडीच्या उघड्या खिडकीवर कोपर टेकून उभी राहिली.

"नॉर्वेतून फोन आला होता," इवार म्हणाला. "बोटींचा कारखाना आहे. मोठा. हिवाळाभर काम, पुढेही. हत्यारं त्यांचीच."

*(जाऊ नकोस.)*

"छान," इल्वा म्हणाली.

*(छान? एवढंच?)*

"पगार दुप्पट आहे," इवार म्हणाला.

*(मला दुप्पट नकोय. मला ही पायरी हवीय.)*

"मग जायलाच हवं," इल्वा म्हणाली.

*(नाही म्हण. एकदा म्हण. मी कोण तुला अडवणारी? पण तू म्हण.)*

"हो ना," इवार म्हणाला. "तसं इथलं कामही संपतंय."

*(तिला वर्कशॉप हवंय, बोटवाला नकोय. जाऊ दे.)*

*(त्याला नॉर्वे हवंय. जाऊ दे.)*

"कधी?"

"शेवटच्या लिलावानंतरच्या सोमवारी."

एकवार. दोनवार.

कुणीही हात वर केला नाही.

"चल मग," तो म्हणाला. गाडी वळली. इल्वा आत गेली आणि तिने एका खिडकीची पुट्टी इतक्या जोरात खरवडली की काच तडकली. खिडकीची काहीच चूक नव्हती.

नग : खोकं, एक. जॅमच्या रिकाम्या बरण्या.

शेवटचा लिलाव. आभाळ स्वच्छ, सफरचंदं पिकलेली, अंगणात अर्धा जिल्हा. सिक्स्टेनचा नेहमीचा माणूस पाठ धरून घरी पडला होता, म्हणून वस्तू उचलून दाखवायला त्याने इवारला उभं केलं होतं. इल्वाने लांबूनच मान हलवली. इवारने लांबूनच हलवली. एवढ्या लांबून, जणू मध्ये नॉर्वेची सरहद्द आली होती.

तिच्याकडे पैसे होते ते काचांसाठीचे. हिवाळ्यातल्या खिडक्यांना नव्या काचा लागणार होत्या, त्याचेच. त्यातच एखादा रंधा मिळाला तर बघायचं, नाहीतर घरी. सवयीने ती खोक्यांपाशी गेली. सवयीनेच गुडघ्यांवर बसली. दिवे. जुनी मासिकं. आणि एका खोक्यात वरपर्यंत बरण्या, झाकणांना गंज. तिने बरण्यांमधून हात खाली घातला.

लाकूड.

गुळगुळीत, पण चकाकणारं नाही. तेल पाजलेलं. तिची बोटं आपोआप त्याच्याभोवती मिटली — आणि मिटली ती पूर्ण मिटली. चार बोटं चार खोलगट जागांत जाऊन बसली. अंगठा त्याच्या जागी. जणू ती मूठ कधीपासून तिच्या हाताची वाट बघत बरण्यांखाली बसली होती.

तिने न बघताच दुसरी चाचपली. तीही तशीच. तिसरी. जवसाच्या तेलाचा वास बरण्यांमधून वर आला.

पुट्टीचा गोळा.

इल्वा बराच वेळ तशीच बसून राहिली, खांद्यापर्यंत खोक्यात. मग उठली. आपला चेहरा कसा दिसतोय हे तिला माहीत नव्हतं. पण अंगणाच्या पलीकडे, सॉसेज खाता खाता, कोन्नी चघळायचं थांबला.

खोकं वर आलं तेव्हा ऊन उतरलं होतं आणि निम्मे लोक गाड्यांकडे निघाले होते. इवारने ते छातीशी धरलं होतं. सिक्स्टेनने वाकून पाहिलं.

"काय आहे रे?"

"बरण्या," इवार म्हणाला. कानांच्या पाळ्या लाल.

"बरण्या. मंडळी, जॅमचा हंगाम आहे. कोण सुरुवात करतंय?"

इल्वाने हात वर केला. पन्नास क्रोनर. ठरल्यासारखं. इवारच्या खांद्यांतून सुटकेचा श्वास गेलेला तिला इथून दिसला.

"शंभर," कोन्नी म्हणाला.

सिक्स्टेनने चष्मा सरळ केला. "कोन्नी, तू जॅम करतोस?"

"शिकतोय."

इल्वाने वाढवलं. कोन्नीने वाढवलं. तिने वाढवलं. निघालेले लोक परत आले. गुन-ब्रिट किटली हातात घेऊन टेबलामागून बाहेर आली. पाचशे. आठशे. इवारने खोकं आणखी घट्ट छातीशी धरलं आणि आतल्या बरण्या एकमेकींवर किणकिणल्या. हजार. हजाराच्या पुढे. एक काच गेली. दोन काचा गेल्या. सगळ्या काचा गेल्या.

"दोन हजार," कोन्नी म्हणाला, जांभई देत.

इल्वाकडे आता बोली नव्हती.

"दोन हजार, कोन्नी," सिक्स्टेन म्हणाला. "एकवार."

ती इवारकडे बघत होती. तो जमिनीकडे. मे महिन्यातही असंच झालं होतं. सभ्यपणा. जाऊ दे. कुत्र्याला.

"दोनवार..."

"थांब," इल्वा म्हणाली.

आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. सगळं अंगण वळलं. एवढ्या लोकांनी एकदम तिच्याकडे यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं, आणि तिचं जन्मभराचं वळण तिला सांगत होतं की बाई, खाली बस.

"बरण्या काढायला सांग, सिक्स्टेन. खाली काय आहे ते सगळ्यांना बघू दे. इवार, एक पटाशी वर धर."

इवारचा चेहरा पांढरा पडला. "इल्वा..."

"धर."

त्याने बरण्या गवतावर ठेवल्या. एकेक. मग खाली हात घालून एक पटाशी वर काढली आणि उन्हात धरली. पातं जुनं, काळसर, उत्तम. आणि त्याच्या टोकाला फिकी, ताजी, बर्चच्या लाकडाची नवी कोरी मूठ, मध्ये विचित्र खोलगट झालेली.

कोन्नीच्या तोंडून बारीक कण्हल्यासारखा आवाज आला. "नवी मूठ."

"सगळ्यांना नव्या आहेत," इल्वा म्हणाली.

"एवढं पोलाद... कुणी केलं हे? आणि हा आकार कसला?" तो पुढे आला, पटाशी हातात घेतली. त्याची जाडजूड बोटं त्या खाचांत कुठेच बसेनात. त्याने इकडून धरली, तिकडून धरली. "हे कुणाच्या हातासाठी आहे?"

इल्वा पुढे गेली. कोन्नीच्या हातातून पटाशी घेतली आणि बोटं मिटली.

खाचा तिच्याच हाताच्या होत्या. ते पहिल्या रांगेतूनही दिसत होतं आणि शेवटच्याही. गुन-ब्रिटने किटली जमिनीवर ठेवली.

"हं," कोन्नी म्हणाला. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा इवारच्या कानांकडे. "सिक्स्टेन, मी माझी बोली मागे घेतो. मेलेला माल आहे." मग हळू आवाजात, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "माझ्यासाठी."

"मागे घ्यायची नसते, पण आज घे," सिक्स्टेन म्हणाला. "मग मुलीची शेवटची. तेवढ्याला द्यायचं?"

"नाही," इवार म्हणाला. त्याने तोंड उघडलं होतं. त्याला असं ठाम 'नाही' म्हणताना तिने पहिल्यांदाच ऐकलं. "खोकं माझं आहे. मी विकायला ठेवलंय. पहिली बोली धर. पन्नास."

"तसं करता येत नाही."

"ती फुकट घेत नाही," इवार म्हणाला. "नाहीतर मी कशाला..."

पुढचं वाक्य त्याला येईना. आख्खं अंगण त्या वाक्याची वाट बघत राहिलं. सिक्स्टेनने सगळ्यांकडे पाहिलं, मग आभाळाकडे, आणि हातोडी आपटली.

"पन्नास. बरण्यांसकट. तीनवार. आता जा बाबांनो, मला अजून एक शिवणयंत्र विकायचंय."

नग : पाव, दालचिनीचा, एक. शेवटचा.

कॉफीच्या टेबलाशी ते दोघं उभे. मध्ये खोकं. लोक शिवणयंत्र बघायचं नाटक करत होते.

"मला वाटलं, बरण्यांचं खोकं कोण घेणार," इवार कपाला सांगत होता. "पहिल्याच बोलीला तुला मिळेल. कोन्नीचं लक्ष जायचं कारणच नव्हतं."

"त्याचं खोक्याकडे लक्ष नव्हतंच. माझ्याकडे होतं. मी खोक्यातून उठले तेव्हा..."

"मी पाहिलं."

"काय पाहिलंस?"

ताटात शेवटचा पाव होता, आख्खा. अजून कुणी त्याचा अर्धा केला नव्हता. दोघांनी पावाकडे पाहिलं.

"अर्धा करू?" तो म्हणाला.

"नको," इल्वा म्हणाली. तिने तो उचलला, सरळ, सगळ्यांदेखत, आणि मोठा घास घेतला. गुन-ब्रिट आ वासून बघत राहिली. घास गिळून, ओठांवरची साखर न पुसताच इल्वा म्हणाली, "मला हा हवा होता. मे महिन्यात मला तो रंधाही हवा होता. मी हात खाली घेतला, ती माझी चूक. आणि त्या संध्याकाळी गाडीपाशी 'छान' म्हणाले, तीही. ते छान नव्हतं."

वारा सुटला. रिकाम्या बरण्यांमधून बारीक शीळ वाजली.

"माझ्या धुणीघरात दुसऱ्या टेबलाला जागा आहे," ती म्हणाली. "करवती तुझ्या, पटाशा माझ्या. करार आहे आपला. पगार अर्धाही मिळणार नाही. हिवाळ्यात तळं गोठतं आणि बोटी दुरुस्त करायला कुणी येत नाही. खिडक्या येतात. खिडक्या तुला शिकाव्या लागतील, आणि मी काही फार गोड शिक्षिका नाही." तिने खोक्यावर हात ठेवला. "जाऊ नकोस, इवार."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ओठ किंचित गोल केले. आणि श्वास आत ओढला — बारीक आवाज करत, गरम कॉफीचा भुरका मारावा तसा.

"लागलं का काही, बाळा?" गुन-ब्रिटने काळजीने विचारलं.

"नाही," इल्वा म्हणाली, आणि उरलेला पाव त्याच्या हातात दिला. "हो म्हणाला तो."